कृष्णामाईच्या सोबतीने सांगोल्याला



या पानावर मी दर अंकाला लागण, खोडवा, खताच्या मात्रा, हुमणी नाहीतर पाचट यांविषयी लिहीत असतो. या खेपेला जरा वाट वाकडी करून एका प्रवासाची हकीकत सांगणार आहे. प्रवास घरगुती आहे, म्हणजे आम्हा उभयतांचा. पण त्यात आपणा सर्वांच्या कामाचे पुष्कळ आहे आणि थोडे माझ्या फजितीचेही आहे. तेव्हा शेवटपर्यंत वाचावे ही विनंती.

ऊस विकास खात्यातल्या माणसाला सवड कितपत असते हे आपण जाणताच. दिवाळीच्या मागेपुढे गव्हाणीत मोळी पडली की हंगाम संपेपर्यंत तोडणीचा कार्यक्रम. कुणाची तोड मागे राहिली की पहिला फोन मला. मध्येच सुरू लागणी, मग खोडव्याची निगा आणि जून उजाडला की आडसालीच्या नोंदी. लग्नाला वीस वर्षे झाली. एवढ्या काळात सौ.ला घेऊन मी गेलो ते पंढरपूरला, खरसुंडीच्या यात्रेला आणि दवाखान्यात. हे मी सांगत नाही, तीच पाहुण्यारावळ्यांत सांगते.

गेल्या वर्षी सप्टेंबरअखेर चार दिवस मोकळे मिळाले. माझे साडू महाबळेश्वरला नोकरीला आहेत. त्यांचा फार दिवसांचा आग्रह होता. मोटारसायकल काढली, तीच जिच्यावरून मी तुमच्या बांधाला येतो, आणि गेलो. जाताना नेहमीप्रमाणे घाई. फलटणमार्गे सरळ गेलो आणि रस्त्यात चहापुरतेच थांबलो. परत निघायच्या आदल्या रात्री सौ. म्हणाली, "येताना निस्ता रस्ता तुडवला. आता जाताना बघत जाऊ. दोन दिवस लागू द्या."

मग रस्ता ठरवला तो असा : महाबळेश्वर, वाई, सातारा, कऱ्हाड, विटा, आटपाडी, सांगोला. हा रस्ता थोडा लांबचा पडतो. पण माझ्या मनात एक विचार होता. टेंभू योजनेचे पाणी आपल्या तालुक्यात येते ते कृष्णेचे. ते पाणी ज्या वाटेने येते, जवळजवळ त्याच वाटेने आपणही घरी जावे. सौ.ला हे पटले.

क्षेत्र महाबळेश्वर

सकाळी लवकर जुन्या महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात गेलो. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री आणि गायत्री अशा पाच नद्यांचे उगम इथे मानतात. दगडी गोमुखातून पाणी कुंडात पडते. धार बघितली तर आपल्या अडीच इंची पाइपाएवढीही नाही. सौ. बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "एवढ्याशा धारेवर सारा मुलूख जगतो व्हय?"

खरे म्हणजे धार निमित्ताची आहे. नदी भरते ती या डोंगरावरच्या पावसाने. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जुन्या मापाने सव्वादोनशे इंचांच्या आसपास. आपल्या सांगोल्यात पाचशे मिलिमीटर, म्हणजे वीस इंच पडला तर आपण वरुणराजाला नारळ फोडतो. दोन गावांत अंतर मोटारसायकलने एका दिवसाचे, आणि पावसात दहा-बारा पटींचा फरक. सह्याद्रीचा माथा ढग अडवतो. पलीकडे माणदेशात पोचेपर्यंत वारा कोरडा झालेला असतो. आपला भाग पर्जन्यछायेत आहे असे आम्ही पदविकेला असताना पुस्तकात वाचले होते. देवळाबाहेर धुक्यात उभे राहिल्यावर त्याचा अर्थ अंगाला लागला. सौ.ने तर पदर डोक्यावर घेतला तरी केस ओले झाले.

तिने गोमुखाचे पाणी एका बाटलीत भरून घेतले. देवघरात ठेवायला. ती बाटली तिने सगळ्या प्रवासभर पिशवीत मांडीवर धरली होती. पुढे तिचा उल्लेख येणार आहे म्हणून आताच सांगून ठेवतो.

वाईचा घाट

पाचगणी सोडली आणि पसरणीच्या घाटाने उतरू लागलो. पाऊस उघडला होता. खाली वाईचे खोरे हिरवेगार, डाव्या अंगाला धोम धरणाचा फुगवटा चकाकत होता. दोनदा थांबलो. एकदा मक्याचे कणीस खायला आणि एकदा नुसतेच. वीस वर्षांत आम्ही दोघे असे काम नसताना रस्त्याच्या कडेला उभे राहिलो नव्हतो, त्यामुळे काय बोलावे तेही पहिल्यांदा सुचेना.

वाईला ढोल्या गणपतीचे दर्शन घेतले. सरदार रास्त्यांनी १७६२ साली बांधलेले हे देऊळ अगदी नदीकाठी आहे. मूर्ती भव्य आहेच, पण आपल्यासारख्या पाण्याशी संबंध असलेल्या माणसाने देवळाची मागची भिंत जरूर बघावी. ती माशाच्या आकाराची, पुढे निमुळती बांधली आहे, म्हणजे पुराचे पाणी आपटले तरी दोन बाजूंना फाकून निघून जाते. त्या वेळच्या कारागिरांकडे इंजिनिअरिंगच्या पदव्या नव्हत्या, पण नदी काय करते हे त्यांनी बघून ठेवले होते. मराठी विश्वकोशाचे काम चालले तेही याच वाईत. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली पहिला खंड १९७६ साली निघाला.

लिंबची विहीर

वाईहून हमरस्त्याला लागून साताऱ्याकडे निघालो की साताऱ्याच्या अलीकडे लिंब गावाचा फाटा लागतो. फाट्यावरून थोडे आत शेतात बारा मोटेची विहीर आहे. शेतकरी माणसाने आयुष्यात एकदा तरी ही विहीर बघावी. शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, वीरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. भोवतीच्या आमराईला पाणी मिळावे हा हेतू. खोली सुमारे ११० फूट, रुंदी ५० फूट, वरून बघितले तर आकार शिवपिंडीसारखा. पायऱ्यांनी खाली उतरले की दगडी दालने आणि कोरीव खांब. नाव बारा मोटेचे असले तरी थारोळी पंधरा मोटांची आहेत.

सौ. वरच्या कठड्यावर उभी राहून मोजू लागली. "एका मोटेला बैल किती?" मी म्हणालो, विहिरीच्या खोलीवर असते. दोन लागतील, चारही लागतील. माझे आजोबा सांगोल्याला चार बैलांची मोट हाकीत. पहाटे चारला मोट जुंपली की ऊन चढेपर्यंत. नाडा, सोंदूर, चाक, सगळ्यांचा आवाज लांबवर जायचा. एवढे करून दिवसाला भिजायचे काय, तर थोडी ज्वारी आणि घरापुरता भाजीपाला. ऊस लावायचा म्हणजे चार-पाच गुंठे, गुळाला. त्याहून जास्ती लावला तर बैल मरतील असे आजोबा म्हणत.

"मग तुमच्या आजोबांना पाणी मोजायला मीटर लागत नव्हता," सौ. म्हणाली. "बैल सांगत हुते."

मला हसू आले, पण हे बोलणे पुढे दोन दिवस डोक्यात राहिले. मोटेच्या जागी ऑइल इंजिन आले, इंजिनाच्या जागी विजेची मोटर आली, विहिरीच्या शेजारी पाचशे फुटांची बोअर आली. प्रत्येक वेळी पाणी काढणे सोपे झाले आणि काढताना थकणारे कोणी राहिले नाही.

साताऱ्याला कंदी पेढे घेतले, चहा घेतला आणि दिवे लागणीच्या सुमारास कऱ्हाडला माझ्या मावसबहिणीकडे मुक्कामाला पोचलो.

कऱ्हाडचा मुक्काम

सकाळी दाजींनी आम्हांला प्रीतिसंगमावर नेले. कृष्णा उत्तरेकडून येते, कोयना दक्षिणेकडून, आणि दोघी समोरासमोर येऊन मिळतात. मग एकत्र होऊन काटकोनात पूर्वेला वळतात. अशी गाठ क्वचित बघायला मिळते. तिथेच यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. साखर कारखाने सहकारात वाढले त्यामागे त्यांच्यासारख्यांचे पाठबळ होते. १९५० साली प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सुरू केलेला प्रयोग राज्यभर पसरला आणि पुढे तुमच्या-माझ्या हातात शेअरचा दाखला आला. आम्ही दोघांनी समाधीला नमस्कार केला.

दाजी स्वतः ऊस उत्पादक. त्यांचे खालच्या अंगाला, नदीपट्ट्यात रान आहे. ते दाखवायला नेले. मला वाटले शंभर टनांचा फड बघायला मिळणार. दोन एकर फड खरोखरच तसा होता. पण त्याच्या शेजारचे एकरभर रान पांढरे पडलेले. वर मिठासारखा थर, मध्ये कुठे लव्हाळा. दाजी म्हणाले, "हेच पहिल्यांदा सगळ्यांत चांगलं रान होतं. वडिलांनी पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. आठवड्याला पाट भरून पाणी. पंचवीस वर्षांत क्षारपड झालं."

कृष्णाकाठच्या वाळवा, मिरज, शिरोळ या तालुक्यांत असे हजारो एकर रान वाया गेले आहे. पाणी जास्त दिले की ते मुरून खालचे क्षार विरघळतात, निचरा नसला की पाणी वर चढते, उन्हाने पाणी उडून जाते आणि क्षार वर राहतात. मग चर खणा, पाइप घालून निचरा करा, खर्च करा. आपल्याकडे पाणी नाही म्हणून आपण रडतो. तिथे पाणी होते आणि त्यानेच रान मारले. सौ. त्या पांढऱ्या मातीवर बोट फिरवून चाखून बघत होती. "खारट हाय की!" एवढेच म्हणाली.

टेंभू

कऱ्हाडपासून थोड्याच अंतरावर कृष्णेच्या काठी टेंभू गाव आहे. सुधारककर्ते गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १८५६ साली याच गावात झाला. आज मात्र आपल्या भागात टेंभू म्हटले की आधी पाणी आठवते.

इथे कृष्णेवर बंधारा आहे. कोयना वर कऱ्हाडलाच मिळालेली असल्यामुळे या बंधाऱ्यात दोन्ही नद्यांचे पाणी असते. योजनेला मंजुरी मिळाली १९९६ साली. मूळ आराखड्यात २२ टीएमसी पाणी उचलून ८०,४७२ हेक्टर रान भिजवायचे होते. त्यात सातारा जिल्ह्याचे ६००, सांगली जिल्ह्याचे ५९,८७२ आणि आपल्या सांगोला तालुक्याचे २०,००० हेक्टर. पाणी एका दमात वर जात नाही. पाच टप्प्यांत उचलावे लागते. पंपाने डोंगरावर चढवायचे, कालव्याने नाहीतर बोगद्याने पुढे न्यायचे, तलावात घ्यायचे, पुन्हा पंप. खानापूर तालुक्यातल्या माहुलीला असेच पंपगृह आहे.

आम्ही रस्त्याकडेला गाडी लावून लांबूनच बघितले. डोंगराच्या अंगावरून चढत गेलेले पाइप बघून सौ.ने विचारले, "ह्याचं लाईटबिल कोण भरतंय?" अधिकाऱ्याच्या बायकोने विचारावा असाच प्रश्न! मी सांगितले, या उपसा योजनांच्या वीजबिलात ८१ टक्के सरकार आणि १९ टक्के पाणी घेणारा शेतकरी असा वाटा ठरला आहे. त्यावर ती म्हणाली, "म्हंजे आपल्या रानात पाणी उतू गेलं, तर त्यात समद्यांचा पैसा उतू जातोय."

लिंबच्या विहिरीवर बैल थकत होते. इथे थकत कोणी नाही, पण बिल येतेच. हे पुन्हा आठवले.

विट्याचा माळ

टेंभू सोडून ओगलेवाडीला आलो. प्रभाकर कंदील ज्यांच्या घरी होता त्यांना हे नाव माहीत असेल. ओगल्यांच्या काचकारखान्यातून निघालेल्या कंदिलावर आपल्या पिढ्यांनी अभ्यास केला, उसाला रात्रीचे पाणी पाजले. पुढे सुर्लीचा घाट चढलो. घाटाच्या माथ्यावर गाडी थांबवून मागे बघावे. मागे कृष्णाकाठ, नजर पोचेल तिथवर ऊस. पुढे तोंड केले की माळ, कुसळे, बाभळी. एका घाटाने मुलूख बदलतो.

कडेगाव म्हटले की मोहरमचे गगनचुंबी ताबूत. ते बघायला लांबून माणसे येतात आणि हिंदू-मुसलमान मिळून ते उभे करतात. तिथून विटा. विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातली माणसे सोने-चांदी गाळण्याच्या, म्हणजे गलाईच्या धंद्यात देशभर पसरली आहेत. मद्रास असो, कलकत्ता असो, सराफ पेठेत मराठी बोलणारा गलाईवाला बहुधा याच भागातला निघतो. लोक त्यांचे बंगले बघून हेवा करतात. पण ही माणसे हौसेने गेली नाहीत. रानात पाणी नव्हते म्हणून गेली. माझा थोरला मेहुणा त्यांतलाच. पंधराव्या वर्षी तामिळनाडूत गेला तो लग्नकार्यापुरताच गावी येतो. सौ. म्हणाली, "दादा जाताना पाणी असतं, तर आज आमच्या रानात तो असता."

आटपाडी

भिवघाट ओलांडून करगणीमार्गे आटपाडीच्या भागात शिरलो आणि सौ. मागच्या सीटवर बोलकी झाली. तिचे माहेर या तालुक्यातल्या एका वाडीवर. हा टेकाड कुणाचा, त्या ओढ्यात झरा कुठे होता, डोईवर किती घागरी घेऊन कुठवर चालत जात, सगळे सांगू लागली.

हा तालुका बघण्यासारखा आहे. ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकर ज्या माडगुळ्याचे, ते गाव याच तालुक्यात. १९५५ साली निघालेल्या 'बनगरवाडी' कादंबरीतला मेंढक्यांचा, दुष्काळाचा मुलूख तो हाच. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. १९३९ साली संस्थानाने जवळच स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली. कैद्यांना बेड्या न घालता शेती करायला लावली. त्या प्रयोगावरून पुढे १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' चित्रपट निघाला. आज आम्ही ठिबकाचा प्रयोग करायला सांगितला की घाबरणाऱ्यांनी स्वतंत्रपूर आठवावे!

याच आटपाडीत १९९३ पासून दुष्काळी तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदा भरल्या. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, आपले आबासाहेब गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांनी कृष्णेचे पाणी दुष्काळी भागाला मिळावे म्हणून लोक उभे केले. नागनाथअण्णा स्वतः पाण्याच्या मुलखातले, वाळव्याचे. ते २०१२ साली गेले. आबासाहेब अकरा वेळा आपल्या तालुक्यातून निवडून आले आणि ३० जुलै २०२१ रोजी गेले. कोणी कोणत्या पक्षाचा झेंडा धरावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण पाइपातून आलेले पाणी त्याआधी रस्त्यावर बसलेल्या माणसांनी ओढून आणले आहे, हे विसरू नये.

आटपाडीच्या तलावापाशी थांबलो. टेंभूच्या पाण्याने तो भरलेला होता. बगळे होते, दोन पोरे म्हशी धूत होती. सौ. काठावर बसली आणि आमच्या लग्नाची गोष्ट काढली. ती मी विसरलो नव्हतो, पण आठवायचे टाळत होतो.

आमचे लग्न २००४ च्या मे महिन्यातले. त्याआधी ओळीने दुष्काळाची वर्षे गेली होती. गुरे छावणीला, माणसे टँकरवर. बैठकीत माझ्या वडिलांनी रीतीप्रमाणे विचारले, काय मानपान करायचा ते सांगा. सासरे हात जोडून म्हणाले, "मानपान काही नको पाहुणं. येताना वऱ्हाडासंगं पाण्याचा एक टँकर आणा. जेवणावळीला पाणी न्हाई." आम्ही दहा हजार लिटरचा टँकर घेऊन गेलो. वाजंत्री मागे आणि टँकर पुढे. मांडवात नवरदेवाआधी लोक टँकरला सामोरे आले. बायका घागरी घेऊन धावल्या. सौ. म्हणाली, "हळद लागलेल्या अंगानं मी खिडकीतनं टँकर बघितला आन् म्हणलं, पाण्याच्या घरात चालले."

घरी

आटपाडी सोडली तेव्हा सूर्य कलला होता. सांगोल्याच्या शिवेत अंधार पडला. आमची दोन एकर रान गावाबाहेर ओढ्याकाठी आहे. पूर्वी तिथे डाळिंब होते. तेल्याने आणि नंतर खोडकिड्याने बाग गेली, तशी तुमच्यापैकी कैकांची गेली. मग आम्ही ऊस केला. ओढ्यावरच्या बंधाऱ्यात टेंभूचे पाणी येते, त्यामुळे विहिरीला पाणी आहे.

घराकडे वळताना गाडीच्या दिव्यात रस्ता चकाकला. चाक चिखलात सरकले. बघतो तर रस्त्यावरून पाणी वाहत होते. पाणी आमच्याच रानातले. धाकट्या भावाने मोटरचा ऑटो टाकून ठेवला होता. शेतीची लाईट रात्रीची. लाईट आली, मोटर आपोआप सुरू झाली, आणि दिवसभराचा दमलेला माणूस झोपला. सऱ्या भरून, बांध फुटून पाणी रस्त्यावर आणि रस्त्यावरून परत ओढ्यात.

त्याला बोल लावण्यात अर्थ नव्हता. मी घरी असतो तेव्हाही तसेच चालते. सौ. काही बोलली नाही. बाटलीची पिशवी माझ्या हातात दिली, पदर खोचला आणि अंधारात फावडे शोधून बांध घालायला गेली. मी पिशवी धरून उभा. जिच्या लग्नात आम्ही एक टँकर नेला, तिच्या रानातून एका रात्रीत किती टँकर वाहून गेले असतील? हातातल्या बाटलीत कृष्णेचे लिटरभर पाणी जपून आणलेले आणि पायाखालून तेच पाणी चालले होते.

जेवताना ती एवढेच म्हणाली, "तुम्ही दुसऱ्यांच्या बांधावर ठिबक सांगताय. लोक ऐकत्यात कसं हो?"

सभासद बंधूंनो, गेली पंधरा वर्षे मी तुम्हांला ठिबक करा म्हणून सांगतोय आणि माझ्या स्वतःच्या रानात पाटपाणी होते. अडचणी होत्या. वाटणीचे रान, भावाचा विचार, पैसा. पण अडचणी तुमच्याही असतात आणि तुम्ही त्या सांगितल्या की मी त्यांना सबबी म्हणत आलो. त्याबद्दल मी या पानावरून तुमची माफी मागतो.

आता थोडे हिशेबाचे

त्या रात्री झोप लागली नाही म्हणून कागद घेऊन बसलो. हिशेब साधा आहे, आपणही करून बघा. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे चार हजार लिटर. पाटाने पाणी दिले तर सुरू उसाला सगळ्या मुदतीत दोन ते अडीच हजार मिलिमीटर पाणी जाते. दोनच हजार धरू. एकराला झाले ऐंशी लाख लिटर. दहा हजारी टँकरने मोजले तर आठशे टँकर. एका एकराला! आपल्या पावसाचा वाटा त्यातून फार तर चौथा हिस्सा. बाकीचे पाणी विहिरीने नाहीतर टेंभूने द्यायचे.

ठिबकाने पाण्याची बचत चाळीस ते पन्नास टक्के होते. चाळीस धरली तरी एकरी तीनशे वीस टँकर वाचले. एवढ्या पाण्यात माझ्या सासऱ्यांसारख्या तीनशे वीस जणांच्या लेकींची लग्ने लागतील.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही दोघा भावांनी पूर्वहंगामी लागण ठिबकावर केली. त्यात जे केले ते असे :

जोडओळ पद्धत, दोन ओळींत अडीच फूट आणि दोन जोड्यांत पाच फूट. लॅटरल जोडओळीच्या मध्ये. बेणे को ८६०३२, एक डोळा रोपे करून लावली, त्यामुळे बेणे कमी लागले आणि नांग्या पडल्या नाहीत. विद्राव्य खते ठिबकातून, थोडी-थोडी, आठवड्याने. खालचे पाचट काढून रिकाम्या पट्ट्यात अंथरले. पाचट जाळायचे नाही, हे आपल्याला ठाऊक आहेच.

फिल्टर दर आठवड्याला धुवावा लागतो. उंदरांनी दोनदा नळी कुरतडली. उन्हाळ्यात क्षार साचून काही ड्रीपर बंद पडले, तेव्हा आम्लाची प्रक्रिया करावी लागली. या अडचणी मी पूर्वी सभेत सांगत नव्हतो, कारण मला अनुभवच नव्हता. आता विचाराल तर सांगेन.

पूर्वी दोन एकर भिजवायला तीन रात्री जायच्या. आता लाईट असेल तेव्हा दोन-अडीच तास पुरतात. भाऊ रात्री झोपतो आणि झोपला तरी रस्त्यावर पाणी येत नाही. टनेज काय पडते ते तोड झाल्यावर कळेल. कमी पडो वा जास्त, वजनकाट्याचा आकडा याच पानावर छापीन.

ज्यांना लगेच ठिबक जमणार नाही त्यांनी निदान तीन गोष्टी कराव्यात. पहिली, एकाआड एक सरीला पाणी द्यावे आणि मोकळ्या सरीत पाचट घालावे. दुसरी, सरी वरपर्यंत भरेतो थांबू नये, पाऊण सरी भिजली की दार मोडावे. तिसरी, मोटरचा ऑटो काढून टाकावा नाहीतर टायमर बसवावा. तिसऱ्या गोष्टीला खर्च सगळ्यांत कमी आणि तिचा अनुभव मला सगळ्यांत जास्त आहे. ठिबक अनुदानाच्या अर्जासाठी सातबारा, आठ-अ आणि बँक पासबुक घेऊन आपल्या गट कार्यालयात यावे. अर्ज भरून देण्यास आमचे कर्मचारी मदत करतील.

जाता जाता प्रवासाविषयी एक सांगतो. हंगाम सुरू होण्याआधी ज्यांना दोन दिवस मोकळे मिळतील त्यांनी कारभारणीला घेऊन या रस्त्याने एकदा जरूर जाऊन यावे. पाऊस सरता सरता जावे, घाट हिरवा असतो. लिंबची विहीर आणि टेंभू चुकवू नये.

आपली माण नदी पुढे भीमेला मिळते. भीमा कर्नाटकाच्या सीमेवर रायचूरकडे कृष्णेला मिळते. म्हणजे टेंभूला वेगळी केलेली कृष्णा आपल्या रानातून जाऊन शेवटी कृष्णेकडेच परत जाते. वाटेत ती आपल्याकडे पाहुणी म्हणून येते. पाहुणीला रस्त्यावर सोडू नये.

सौ.ने आणलेली बाटली अजून देवघरात आहे. नव्या लागणीच्या दिवशी तिने त्यातले चार थेंब पहिल्या रोपाच्या मुळाशी घातले. बाकीचे पाणी तोडीच्या दिवसासाठी ठेवले आहे.

— आपला,
ऊस विकास अधिकारी